उसाच्या फडातले गर्भारपण आणि प्रसूतिवेतनाचा हक्क

(पाटोदा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या बैठकीसाठी आपण निवडलेला विषय वरवर पाहता डॉक्टरांचा किंवा परिचारिकांचा वाटेल. गरीब घरातील गर्भवतीच्या हाती वेळेवर पैसा पडला, तर तिच्या आणि तिच्या बाळाच्या प्रकृतीत काय फरक पडतो, हा तो विषय. परंतु पाटोद्यात बसून या प्रश्नाचा विचार करू लागलो, की तो दवाखान्याच्या चार भिंतींत मावत नाही. तो मजुरीचा प्रश्न होतो, उचलीचा होतो, आणि शेवटी साखरेच्या पोत्याच्या किमतीत कोणाचे रक्त धरलेले नाही, याचा होतो.

बालाघाटाच्या या पठारावरील जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर येथून पश्चिम महाराष्ट्रातील आणि सीमेपलीकडील कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणारा लोंढा वाढत गेला, तो आजतागायत थांबलेला नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. कामगाराची मोजणी माणसांत न करता हत्यारात करणारा हा व्यवसाय आहे, आणि त्या मोजणीत बाईचे पोट कोठेच येत नाही.

आता हिशेब महिन्यांचा करून पाहा. आषाढात दिवस गेलेली बाई कार्तिकात टोळीबरोबर निघते तेव्हा तिला चौथा महिना असतो. पोटातील मूल ज्या काळात वाढते, तो सारा काळ तिचा फडात जातो. पहाटे उठून ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि वाहन येईल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. मुक्काम कोपीत, पाणी लांबून आणायचे, स्वयंपाक चुलीवर. चैत्रात ती बाळंत होते, ती पुष्कळदा कोपीतच किंवा अनोळखी गावच्या दवाखान्यात. २०२५ साली आरोग्य विभागाच्या नोंदींच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या बातम्यांनुसार, बीड जिल्ह्यातून त्या हंगामात गेलेल्या स्त्रियांपैकी दीड हजारांहून अधिक स्त्रियांनी गर्भारपणात ऊसतोड केली होती. नोंदीत न आलेल्या वेगळ्या.

या कष्टाचा गर्भावर काय परिणाम होतो, हे सांगायला परदेशी पुस्तक उघडण्याचे कारण नाही. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९० च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम. रुग्णालयाच्या वतीने गर्भवती स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोंच्याही आत भरले. अडीच किलोंखालील बाळ कमी वजनाचे समजतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही सरासरी धोक्याच्या रेषेच्या किती जवळ होती ते कळेल. या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या स्त्रियांना शेतकाम आणि पाणी आणणे यांसारखे जड कष्ट अधिक, त्यांची बाळे लहान. आणि ज्यांच्या आहारात पालेभाजी, फळे व दूध यांचा समावेश अधिक, त्यांची बाळे मोठी. म्हणजे गर्भाला दोन गोष्टी हव्यात: आईच्या ताटात थोडे बरे अन्न आणि आईच्या अंगाला थोडी विश्रांती. श्रीमंत घरात या दोन्ही गोष्टी न मागता मिळतात. मजूर घरात दोन्ही विकत घ्याव्या लागतात, आणि विश्रांतीची किंमत असते बुडालेली मजुरी.

उत्पन्नाचा आधार याचा अर्थ इथे स्पष्ट होतो. जगात अनेक देशांनी हा प्रयोग केला आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००१ पासून कमी उत्पन्नाच्या गर्भवतींना दुसऱ्या तिमाहीपासून दरमहा जास्तीत जास्त ८१ डॉलर द्यायला सुरुवात केली. ते पैसे कशावर खर्च करायचे, याची अट नव्हती. पुढे तेथील संशोधकांनी तपासले तेव्हा हे साहाय्य मिळालेल्या स्त्रियांमध्ये कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्रमाण कमी आढळले. मेक्सिकोत १९९७ साली सुरू झालेल्या प्रोग्रेसा योजनेतील मातांची बाळे सरासरी सुमारे १२७ ग्रॅमने अधिक वजनाची होती. उरुग्वेमध्येही गरीब कुटुंबांना दिलेल्या रोख साहाय्यानंतर कमी वजनाच्या जन्मांत घट दिसली. देश वेगळे, भाषा वेगळ्या, योजनांचे नियम वेगळे; पण आईच्या हातात गर्भारपणातच पैसा पडला तर तो बाळाच्या अंगावर दिसतो, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

यातील ‘गर्भारपणातच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळ जन्मल्यावर मिळालेला पैसा बाळंतपणाचे कर्ज फेडायला उपयोगी पडेल. पण सातव्या महिन्यात न प्यायलेले दूध तो परत आणू शकत नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. नियमित सरकारी नोकरीतील किंवा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता हा हक्क सर्वांचा होता. कायद्यात पहिले मूल आणि दुसरे मूल असा भेद नव्हता. त्याची अंमलबजावणी म्हणून २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, आणि हक्क योजनेत उतरताना आक्रसला. रक्कम झाली ५,००० आणि तीही फक्त पहिल्या अपत्यासाठी. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच त्यासाठी ६,००० रुपये मिळू लागले. दुसरा मुलगा पोटात वाढवणाऱ्या आईला जणू भूक लागत नाही!

या ५,००० रुपयांची खरी किंमत काढू. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर बाईच्या वाट्याचे दिवसाचे ३६६ रुपये होतात. म्हणजे सरकार तिला सांगते, की बाई, नऊ महिन्यांच्या गर्भारपणासाठी आणि त्यानंतरच्या बाळंतपणासाठी आम्ही तुझी चौदा दिवसांचीही मजुरी भरून देत नाही. कारखान्यात किंवा कार्यालयात नोकरी करणाऱ्या स्त्रीला १९६१ च्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती योग्यच आहे. तिला कोणी नाके मुरडू नयेत. पण एका आईला २६ आठवडे आणि दुसरीला दोन आठवड्यांहून कमी, हे गणित कोणत्या समाजाला शोभते?

रक्कम अपुरी आहेच. तिची वाटही ऊसतोड कामगार स्त्रीसाठी अडवून धरलेली आहे. पहिल्या हप्त्यासाठी गर्भारपणाची नोंदणी आणि तपासणी ठराविक मुदतीत व्हावी लागते, दुसऱ्यासाठी बाळाच्या जन्माची नोंद व लसीकरण. जिची नोंदणी पाटोद्याच्या उपकेंद्रात, तपासणी सांगली किंवा कोल्हापूरकडे आणि बाळंतपण बेळगावच्या बाजूला, तिने हे कागद गोळा करायचे कसे? गावच्या अंगणवाडीतील तिच्या वाट्याचा शिधाही ती गावात नसल्याने बुडतो. त्यात वयाची अट आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. राज्याचे प्रमाण याच्या निम्मे, २२ टक्के. लग्न झाले की पूर्ण कोयता मिळतो, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकतात. मग सतराव्या-अठराव्या वर्षी दिवस राहिलेल्या या पोरींना वय भरत नाही म्हणून मातृवंदना नाही. २०२४ साली राज्याने सुरू केलेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही त्यांना नाहीत, कारण तेथे वयाची अट २१ ची. बालविवाह रोखलाच पाहिजे, त्यासाठी आपण लढलेच पाहिजे. पण झालेल्या बालविवाहाची शिक्षा पोटातल्या बाळाला देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

सरकार देत नाही, म्हणून तिला कोणीच देत नाही असे मात्र नाही. तिला मुकादम देतो. हंगामापूर्वीची उचल हा या भागातील गरिबांचा एकमेव खात्रीचा रोख पैसा आहे. बाळंतपण, आजारपण, लग्न, सारे उचलीवर निभते. परंतु हा आधार उफराटा आहे. मॅनिटोबातील बाईला मिळालेला पैसा तिला विश्रांती देतो. पाटोद्याच्या बाईला मिळालेली उचल तिची विश्रांती आगाऊ विकत घेते. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो. २०१९ साली वृत्तपत्रांतून जे प्रकरण बाहेर आले, त्यात एका खाड्याचा दंड ५०० रुपये असल्याचे स्त्रियांनी सांगितले होते. म्हणजे दवाखान्यात तपासणीला जायचे तर मजुरी बुडते ती वेगळी आणि दंड भरायचा तो वेगळा. अशा स्थितीत ‘तपासणी मोफत आहे, मग बाया येत का नाहीत?’ असे विचारणे म्हणजे क्रूर थट्टा आहे.

त्याच वर्षी नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेले आकडे आपल्यापैकी कोणीही विसरू नयेत. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. यामागे खासगी दवाखान्यांचा लोभ होता, अज्ञान होते, कर्करोगाची घातलेली भीती होती. पण या साऱ्याला सुपीक जमीन पुरवली ती खाड्याच्या भीतीने. लवकर झालेली बाळंतपणे, पुरती विश्रांती न घेता पुन्हा धरलेला कोयता, फडात पाळीच्या दिवसांत होणारी कुचंबणा आणि त्यातून जडलेली दुखणी. या सगळ्यांवर एकदाचा तोडगा म्हणून पिशवीच काढून टाकली गेली. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. ज्या बाईला बाळंतपणात तीन महिन्यांची मजुरी घरबसल्या मिळाली असती, तिच्यावर पस्तिशीच्या आत ही पाळी का यावी?

आता दोन-तीन आक्षेपांचा विचार करू, कारण ते आपल्या गावांतच नव्हे, आपल्या घरांतही बोलले जातात.

पहिला आक्षेप, रोख पैसा नवरा दारूत घालील. काही घरांत तसे घडेलही. पण उचलीचा पैसा आज नवऱ्याच्याच हाती पडतो, आणि त्या व्यवहारावर हा आक्षेप कोणी घेत नाही. पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यावर आणि एकदम न येता महिन्यामहिन्याला आला, तर तो तिच्या हाती राहण्याची शक्यता वाढते. दुसरा आक्षेप, पैशासाठी बायका अधिक मुले जन्माला घालतील. तमिळनाडूने १९८७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने ३०० रुपयांची प्रसूतिसाहाय्य योजना सुरू केली आणि ती वाढवत २०१८ पर्यंत १८,००० रुपयांवर नेली. ती पहिल्या दोन बाळंतपणांना लागू आहे. त्या राज्यातील जननदर देशातील सर्वांत कमी दरांपैकी एक आहे. बाळंतपणाच्या वेदना सहा-आठ हजारांसाठी कोणी हौसेने सोसत नसते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूच्या मंडळींकडून येतो. ते म्हणतात, रोख रक्कम देऊन सरकार दवाखाने आणि अंगणवाड्यांच्या जबाबदारीतून अंग काढून घेईल. ही भीती निराधार नाही. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यातील बाळंतपणे देशभर झपाट्याने वाढली. पण जेथे रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही, खाटा नाहीत, तेथे नुसते दारापर्यंत पोचून बाईचा जीव वाचत नाही, हेही त्याच योजनेने दाखवून दिले. म्हणून आपली मागणी रोख किंवा दवाखाना अशी असता कामा नये. पैसा तिला विश्रांती आणि अन्न देईल. रक्तस्राव थांबवायला डॉक्टरच लागेल. एकाची पावती दाखवून दुसऱ्याचे देणे बुडवू देता कामा नये.

हा विचार नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी व कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात साहाय्य देण्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्या खर्चाचा भार शासनानेही उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षांनी आपण तीच गोष्ट उसाच्या फडासाठी मागत आहोत.

त्या वेळी मालक दिसत होता. त्याच्या गिरणीवर पाटी होती. फडात मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम स्वतःला मजूरच म्हणवतो. परंतु हा पेच महाराष्ट्राने एकदा सोडवलेला आहे. हमालांनाही एक मालक नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली, मजुरीबरोबर लेव्ही भरण्याचे बंधन माल उतरवून घेणाऱ्यावर आले, आणि ज्याला काल कोणी मालक नव्हता त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी उभारलेल्या लढ्यांचे ते फळ आहे.

ऊसतोडीसाठी तसा पाया घातलाही गेला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यावी, असे ठरले. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. म्हणजे एकट्या कारखान्यांच्या वाट्याचे शंभर कोटी रुपये होतात. आता दुसरी बाजू मांडू. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर राज्यात दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. त्या दराने २६ आठवड्यांचे, म्हणजे १८२ दिवसांचे, प्रसूतिवेतन होते ५६,७८४ रुपये. शंभर कोटींत अशा सतरा हजारांहून अधिक स्त्रियांचे वेतन भागते. बीड जिल्ह्याच्या नोंदीतील दीड हजार गर्भवतींसाठी लागतील साडेआठ कोटी. सरकारचा वाटा मी यात धरलेलाच नाही. तेव्हा पैसा नाही, हे उत्तर आपण ऐकून घेण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. ऊसतोड कामगार स्त्रीला किमान मजुरीच्या दराने २६ आठवड्यांचे प्रसूतिवेतन महामंडळामार्फत मिळावे. ते चौथ्या महिन्यापासून दरमहा तिच्या खात्यावर जमा व्हावे. अपत्याचा क्रम, मुलगा-मुलगी आणि आईचे वय यांवरून कोणाला वगळू नये. गर्भवतीच्या गैरहजेरीबद्दल खाडा लावणे गुन्हा ठरावा. आणि तिचे तपासणीचे कार्ड व अंगणवाडीचा शिधा कोणत्याही जिल्ह्यात, तसेच शेजारच्या राज्यातही, चालावा. अन्नसुरक्षा कायद्यातील रक्कम महागाईशी जोडण्याची मागणी देशपातळीवर करावी लागेल, ती वेगळी.

मागण्या लिहून काम संपत नाही. भाद्रपद-आश्विनात टोळ्या बांधल्या जातात, तेव्हा प्रत्येक वाडीवर आणि तांड्यावर आपले दोन कार्यकर्ते, त्यांत एक स्त्री, पोचले पाहिजेत. आशाताई व अंगणवाडीताई यांच्या साहाय्याने गर्भवतींची यादी निघण्याआधी तयार व्हावी, त्यांची नोंदणी व पहिली तपासणी गावातच व्हावी, बँकेचे खाते बाईच्या नावाने असावे. त्या यादीची एक प्रत तालुक्याला आणि एक ज्या कारखान्याकडे टोळी चालली त्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला द्यावी, पोच घ्यावी. पोच घेतलेल्या कागदाला पुढे विधानसभेत आणि न्यायालयात वजन येते. ज्या घरात सासू किंवा जाऊ गावी राहणार असेल, तेथे गर्भवतीला मागे ठेवता येईल का, याचेही बोलणे करावे. उचल फिटणार कशी, हा प्रश्न घरातील माणसे विचारतील. त्याचे प्रामाणिक उत्तर आज आपल्यापाशी नाही. ते उत्तर म्हणजेच प्रसूतिवेतन, आणि ते मिळेपर्यंत ही यादी दर वर्षी अधिक लांब व अधिक पक्की करत नेणे आपल्या हाती आहे.

साखरेचा भाव ठरवताना उसाचा खर्च धरतात, वाहतूक धरतात, व्याज आणि यंत्रांची झीज धरतात. यंत्र झिजते म्हणून त्याच्यासाठी दर वर्षी रक्कम बाजूला काढून ठेवणाऱ्या या व्यवसायाने ऊस तोडणाऱ्या आईसाठीही टनामागे काही रक्कम बाजूला काढावी आणि ती तिच्या हातात वेळेवर द्यावी, एवढेच आपले म्हणणे आहे. पुढच्या हंगामाच्या टोळ्या निघण्यापूर्वी पाटोदा तालुक्याची यादी तयार असली पाहिजे. त्या कामाची वाटणी आपण आज, उठण्यापूर्वी, करून घेऊ.